कोंबड्यांची मानमोडी व घरगुती औषधे

धानाचे चुरणे आटोपून उन्हाचा ताप वाढू लागला म्हणजे भंडारा जिल्ह्यातील खेड्यांतून एक तक्रार वारंवार ऐकू येते: "काल सायंकाळी कोंबड्या चांगल्या होत्या, आज खुराड्यात चार मेलेल्या सापडल्या." मोठ्या शेतकऱ्यास हे नुकसान फारसे जाणवत नाही. परंतु जी विधवा बाई अंडी विकून मीठ-तेल व मुलांच्या वह्या घेते, तिची सारी शिल्लक त्या चार कोंबड्यांतच असते.

अशा वेळी शेजारीपाजारी लसूण, हळद, कडुनिंबाचा पाला अशी औषधे सांगतात. ती सर्वस्वी टाकाऊ आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा उपयोग कोठे होतो व कोठे होत नाही, हे मात्र ओळखले पाहिजे. अंगावर उवा झाल्या असतील तर चुलीची थंड, कोरडी राख व बारीक माती एका खड्ड्यात घालून ठेवावी. कोंबडी आपण होऊन तीत लोळते व उवा कमी होतात. खुराड्याच्या फटींत गोचीड लपून राहतात व रात्री रक्त पितात, यास्तव फटी लिंपून वर चुना द्यावा. कोंबड्यांस देवी आल्या म्हणजे तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या धरतात. हा रोग डासांमुळेही पसरतो. हळद व कडुनिंबाचा पाला वाटून तेलात कालवून लावल्यास खपल्या मऊ राहतात. डोळे चिकटले असता कोमट मिठाच्या पाण्याने पुसून कोंबडीस हाताने दाणापाणी द्यावे. नाहीतर ती देवीने नव्हे, उपासाने मरते.

मानमोडीची गोष्ट वेगळी. कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगते, पंख व पाय लुळे पडतात आणि मान पिळवटते. हा रोग १९२६ साली जावा बेटात व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ओळखला गेला. पुढे कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे तो आढळला, म्हणून आपल्या देशात त्यास राणीखेत हे नाव पडले. एकदा तो जडल्यावर लसूण चालत नाही, आणि दवाखान्यातही त्यावर औषध नाही. एका बाईने आम्हांस सांगितले की, लसूण-हळदीच्या गोळ्यांनी तिच्या दहांपैकी दोन कोंबड्या वाचल्या. गोळ्या दहांसही दिल्या होत्या! वाचलेल्यांचे यश औषधास व मेलेल्यांचा दोष नशिबास, असा हिशेब आपण सर्वच करीत असतो.

खरा उपाय रोगापूर्वीचा, म्हणजे लस. पिलू पाच ते सात दिवसांचे असता डोळ्यात किंवा नाकात थेंब घालतात, आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर दुसरी लस टोचतात. अडचण अशी की, लशीची एक कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, ती थंड ठेवावी लागते व कालविल्यावर एकदोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? यास्तव गावच्या शिक्षकांनी व उपदेशकबंधूंनी घरोघरच्या कोंबड्यांची मोजणी करावी, पशुवैद्यकीय दवाखान्यास आधी कळवावे व उन्हाळ्यापूर्वीच एक दिवस ठरवावा. हे काम पहाटे, खुराडी उघडण्यापूर्वी करावे. उजाडल्यावर कोंबड्या धरणे म्हणजे साऱ्या गावाची धावपळ. आजारी पक्ष्यास लस देऊ नये.

रोग आल्यावर कोंबड्या स्वस्तात बाजारास नेण्याचा मोह होतो. डोळ्यांदेखत पैसा मरत असतो, हे आम्ही जाणतो. पण तीच कोंबडी दुसऱ्या गावच्या एखाद्या विधवेच्या खुराड्यात रोग नेते. मेलेले पक्षी तलावात किंवा नाल्यात न टाकता खोल पुरावेत, वर चुना घालावा व हात साबणाने धुवावेत. पाहुण्यांनी आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर ते खाऊ नयेत. त्याच दिवशी दवाखान्यास कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आला होता. त्याची लक्षणे मानमोडीहून नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाहीत, आणि तो माणसांसही जडू शकतो.