मोटारीची काच

नाशिकहून पेठला जाणारा रस्ता डोंगर आणि घाट ओलांडीत जातो. पावसाळ्यात या भागात जोराच्या सरी एकाएकी कोसळतात. अशा वेळी मोटारीतील माणसे लगबगीने खिडक्यांच्या काचा वर करतात. पूर्वी प्रत्येक दाराला एक दांडी असे. ती हाताने फिरवली, की काच हळूहळू वर चढे. काच आणि चौकट यांच्यामध्ये कोणाचे बोट सापडले, तर दांडी फिरवणाऱ्या हाताला अडथळा जाणवे आणि तो हात थांबे.

१९४० च्या सुमारास अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने काही मोटारींना बटणाने हलणाऱ्या काचा बसवल्या. पुढे ही सोय जगभर पसरली. पेठच्या रस्त्याने धावणाऱ्या अनेक मोटारींतही आज ती आढळते.

या काचेची रचना मोठी कौतुकाची आहे. दाराच्या पोकळीत एक लहानसे विद्युत्‌यंत्र असते. बटण दाबताच त्याला बॅटरीतून वीज मिळते. मग मळसूत्रासारखे आटे असलेला एक दांडा एका दातेरी चाकाला फिरवतो आणि त्या गतीने काच वर सरकते. येथे दांडा चाकाला फिरवतो, परंतु चाक दांड्याला फिरवू शकत नाही. म्हणूनच वर आलेली काच हाताने दाबून खाली जात नाही. चोराला ती अडवते हे खरे. पण तिच्यात सापडलेल्या बालकालाही हाताच्या जोरावर सुटता येत नाही.

कित्येक मोटारींत बटण एकदा ओढून सोडले, तरी काच शेवटपर्यंत आपोआप चढते. काही मोटारींच्या काचा तर किल्लीवरील बटणाने दूरूनही बंद होतात. अशा वेळी बंद करणाऱ्याची नजर खिडकीवर असेलच, असे नाही. या कारणाने शास्त्रज्ञांनी यंत्रालाच स्पर्शज्ञान देण्याची युक्ती योजली. यंत्राच्या फेऱ्या मोजणारे एक उपकरण त्यात बसवतात. अडथळ्यामुळे फेऱ्या मंदावल्या, की काच थांबते आणि उलट खाली येते. काचेचा दाब १०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे १० किलो वजनाच्या भारापेक्षा, अधिक होण्यापूर्वी ती मागे फिरावी, असा युरोपातील नियम आहे. तथापि ही सोय प्रत्येक मोटारीत नसते. काही मोटारींत ती केवळ चालकाच्या खिडकीला असते.

बटणाच्या घडणीतही धोका असू शकतो. खिडकीतून डोके बाहेर काढून पाहणाऱ्या मुलाचा गुडघा नकळत बटणावर पडला आणि काच वर आली, अशा घटनांत परदेशी काही बालकांनी प्राण गमावले. म्हणून अमेरिकेत २००४ साली नियम झाला, की नुसत्या भाराने काच वर जाईल असे बटण असू नये. काच चढवण्यासाठी बटण वर ओढावे लागले, तर असा अपघात टळतो.

मुलांनी चालत्या मोटारीतून डोके किंवा हात बाहेर काढू नयेत आणि बटणांशी खेळू नये. चालकाने मागच्या खिडक्यांची बटणे निकामी करणारे कुलूप-बटण लावून ठेवावे. काच चढवण्यापूर्वी मागे वळून पाहावे. आणि किल्ली मोटारीत ठेवून लहान मुलांना एकटे सोडू नये. दांडी फिरवणाऱ्या हाताला अडथळा आपोआप कळत असे. बटण दाबणाऱ्या बोटाला तो कळत नाही. म्हणून डोळ्यांनी अधिक जागरूक राहिले पाहिजे.

स्वाध्याय
१. वर आलेली काच हाताने दाबून खाली का जात नाही?
२. अडथळा आल्याचे यंत्राला कसे समजते?
३. काच चढवण्यासाठी वर ओढावे लागणारे बटण अधिक सुरक्षित का?
४. कारण सांगा : दूरून काच बंद करणे धोक्याचे ठरू शकते.