खडकवासला : धरणाचे गाव



सकाळी नळ सोडला की पाणी येते. पण येते कोठून? "टाकीतून!" असे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी सांगितले. मग टाकीत कोठून आले? ते पाहायला आमचा सातवीचा वर्ग सरांबरोबर खडकवासल्याला गेला. तेथे जे पाहिले आणि घरी येऊन मोठ्यांना जे विचारले, ते येथे लिहिले आहे.

गाव कोठे आहे?

पुणे शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला, हवेली तालुक्यात हे गाव आहे. मुठा नदी येथूनच पुढे पुण्याला जाते. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत आले. पण शहराचे आणि गावाचे नाते त्याहून फार जुने आहे. ते नाते पाण्याचे!

धरण कसे झाले?

इंग्रजांच्या काळात पुण्याला आणि लष्कराच्या छावणीला पाणी कमी पडू लागले. पूर्वेकडच्या गावांत तर पाऊसच कमी. म्हणून मुठेवर दगड-चुन्याचे धरण बांधायचे ठरले. १८६९ च्या सुमारास काम सुरू झाले व सुमारे दहा वर्षांनी पुरे झाले. फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनिअरवरून तलावाला 'लेक फाइफ' म्हणत. आपले महात्मा जोतीराव फुले यांनी या बांधकामाला लागणारे साहित्य पुरवण्याचे कंत्राट घेतले होते, हे तुम्हाला ठाऊक होते का?

धरणातून कालवे काढले. उजवा कालवा शहरातून हडपसरकडे व पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. म्हणजे हेच पाणी पुण्यात प्यायला आणि तिकडे उसाला!

१२ जुलै १९६१

आता नीट लक्ष देऊन वाचा. खडकवासल्याच्या वर, आंबी नदीवर, पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. काम अपुरे होते आणि पाऊस तर धो धो कोसळत होता. धरणाची माती खचू लागली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. तरीही १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले. ते सगळे पाणी खडकवासल्यात आले. तांब्यात घागर ओतली तर काय होईल? तसेच झाले. सुमारे ऐंशी वर्षे उभी असलेली ती दगडी भिंतही फुटली आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले.

माझी आजी तेव्हा नऊ वर्षांची होती, नारायण पेठेत राहत होती. ती म्हणाली, "अगं, चुलीवर भात तसाच टाकून आम्ही पळालो. परत आलो तर घरात गुडघाभर चिखल. आणि गंमत बघ, एवढा पूर आला, पण दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नाही!" खरेच, धरण रिकामे झाल्यावर नळाला पाणी कोठून येणार? लोकांनी जुन्या विहिरी आणि हौद पुन्हा वापरायला काढले. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती झाल्या. पुढे खडकवासल्याची भिंत पुन्हा बांधली.

आणखी काय पाहावे?

येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ सालची आहे. तेथे नद्या, धरणे व बंदरे यांच्या छोट्या प्रतिकृतींत पाणी सोडून अभ्यास करतात. तलावाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची पायाभरणी १९४९ साली पंडित नेहरूंनी केली. तेथील मुख्य इमारतीला 'सुदान ब्लॉक' म्हणतात, कारण सुदान देशाने भारतीय जवानांच्या आठवणीसाठी पैसे दिले होते. भावी अधिकारी याच पाण्यात शिडाची होडी चालवायला शिकतात.

आपण काय करावे?

आज खडकवासल्यात सुमारे २ टीएमसी, म्हणजे २०० कोटी घनफूट पाणी मावते. वरच्या पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांतले पाणी येथेच येते. रविवारी तलावाकाठी कणसे व भजी खायला गर्दी होते. आम्ही गेलो तेव्हा काठावर कागद आणि बाटल्या पडल्या होत्या. जे पाणी आपण पितो, त्यातच कचरा टाकायचा? आम्ही एक पोते भरून कचरा गोळा केला.

आता सांगा पाहू :
१. खडकवासल्याचे धरण कोणत्या नदीवर आहे?
२. पानशेत फुटल्यावर खडकवासला का फुटले?
३. पूर येऊनही पुण्यात पाणीटंचाई का झाली?

पालकांना विनंती : पूर डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. पुस्तकात नाही ते त्यांच्या तोंडी आहे. आपल्या घरी असे कोणी आजी-आजोबा असतील, तर त्यांची आठवण शेजारच्या कोऱ्या कागदावर चार ओळींत लिहून जा. कागद भरला की आम्ही दुसरा लावू.