पोषणशास्त्राची ऑनलाइन पदवी: फी भरण्याआधी हे वाचा

बारावीचा नाहीतर बीएस्सीचा निकाल लागला की बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या घरांत फोन सुरू होतात. पलीकडचा आवाज गोड असतो. मुलीला बाहेरगावी ठेवायची गरज नाही, घरबसल्या न्यूट्रिशनमध्ये मास्टर्स होईल, हप्ते पाडून देऊ, पुढे शंभर टक्के नोकरी. आईवडिलांना हे पटतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पुण्या-संभाजीनगरची खोली, मेस, येण्या-जाण्याचा खर्च, मुलगी एकटी राहणार ही धास्ती आणि वर नातेवाइकांचं "अजून किती शिकवणार?" हे सुरूच. घरी राहून पदवी मिळत असेल तर कुणाला नको आहे?

म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. पोषणशास्त्राच्या ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवीला भारतातल्या विद्यापीठांनी नवे प्रवेश देऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये कळवलं आहे. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासूनच हे लागू झालं. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांच्याबरोबर अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स यांची त्यात नावं आहेत. एखाद्या पदवीत हा विषय स्पेशलायझेशन म्हणून असेल तर तेवढं स्पेशलायझेशनही बंद. त्यामुळे "आमची पदवी दुसऱ्या नावाची आहे, न्यूट्रिशन फक्त स्पेशलायझेशन" असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा.

यामागे 2021 चा एक कायदा आहे. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग स्थापन करणाऱ्या या कायद्याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञ आहेत, पोषणतज्ज्ञ आहेत आणि पब्लिक हेल्थ न्यूट्रिशनिस्ट हे नावही स्पष्ट लिहिलेलं आहे. या कायद्याने हे काम आरोग्यसेवेत गणलं, त्याचं शिक्षण आणि नोंदणी एका चौकटीत आणली. व्यवसाय करायचा तर नोंदवहीत नाव लागणार आणि नाव लागायला मान्य पदवी लागणार. आज स्वस्तात, घाईत घेतलेला कागद उद्या नोंदणीच्या खिडकीवर चालला नाही, तर गेलेली दोन वर्षं कुणीही परत देणार नाही.

ज्यांनी या निर्णयाच्या आधी मान्यताप्राप्त विद्यापीठात रीतसर प्रवेश घेतला आहे, त्यांनी घाबरून शिक्षण सोडू नये. निर्णय नव्या प्रवेशांबद्दल आहे. आपल्या प्रवेशाच्या सत्राला मान्यता होती, असं विद्यापीठाकडून लेखी घ्या आणि ते पत्र गुणपत्रिकांबरोबर जपून ठेवा.

हा निर्णय मला योग्य वाटतो. ऑनलाइन शिक्षण हलकं असतं म्हणून नव्हे. मान्यता असलेल्या विषयांत ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे विद्यापीठ अनुदान आयोगानेच 2022 मध्ये सांगितलं आहे. पण हा विषय हाताने शिकायचा आहे. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हळूच सरळ दाबून पायाकडची फळी तळव्याला आणायची. मूल रडतं, पाय झाडतं. त्यात एका सेंटिमीटरची चूक झाली तरी ते मूल एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊ शकतं. दंडाचा घेर मोजायची पट्टी डाव्या हाताला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला असताना लावायची. 11.5 सेंटिमीटरच्या खाली आलं तर तीव्र कुपोषण, 12.5 पर्यंत मध्यम. अंगणवाडीत ज्यांना सॅम आणि मॅम म्हणतात ती हीच बालकं. दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून खड्डा राहतो का तेही पाहायचं. खड्डा राहिला तर पट्टीवर आकडा काहीही येवो, मूल सॅमच. हे व्हिडिओत बघून कळतं, पण हाताला वळण पडायला शंभर मुलं हाताखालून जावी लागतात, आणि चुकलं की टोकणारं कुणीतरी शेजारी उभं असावं लागतं.

पालक विचारतात, डायटिशियन आणि हे पब्लिक हेल्थ न्यूट्रिशन यांत फरक काय? डायटिशियनसमोर एक रुग्ण असतो: मधुमेह, किडनी, ऑपरेशननंतरचा आहार. सार्वजनिक आरोग्य पोषणात समोर गाव असतं, तालुका असतो. कुणाच्या ताटात काय येत नाही, का येत नाही, आणि सरकारी योजना, बाजार, पीक, लग्नाचं वय, बाईचं काम यांतलं काय बदललं की ते येईल, हा त्याचा प्रश्न. वजन कमी करायचे डाएट प्लॅन विकणं म्हणजे हा विषय नव्हे.

आणि हा विषय शिकायला बीडच्या मुलामुलींना दूरची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पाठीवर लहान मूल. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्या मुलाचं नाव राहतं, मूल मात्र पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात एखाद्या फडाशेजारच्या कोपीत असतं. सहा महिन्यांचं झालं की त्याला वरचं अन्न सुरू व्हायला हवं, नेमकी तेव्हा आई पहाटेपासून उसात. तिने काय शिजवावं, कधी भरवावं, मुलाला कुणाजवळ ठेवावं? "पौष्टिक आहार द्या" असं सांगून हा प्रश्न सुटत नाही. शेंगदाण्याचा कूट, भाजलेल्या डाळीचं पीठ, कोपीत टिकेल आणि चुलीवर पाच मिनिटांत होईल असं काय देता येईल, जिथे मूल गेलं तिथली अंगणवाडी त्याला दाखल करून घेते का, परत आल्यावर त्याचं वजन कुणी मिळवून पाहतं का, हे सगळं पोषणतज्ज्ञाचं काम आहे. स्थलांतरित माता-बालकांचा माग राहावा म्हणून राज्याच्या महिला व बालविकास विभागाने महाएमटीएस ही प्रणाली आणली. पण तिच्यातल्या नोंदींचा अर्थ लावणारी आणि त्यावर काही करायला लावणारी माणसं तालुक्यातच हवीत. ऊसतोडीचं घर आतून पाहिलेल्या मुलीला इथे कुणी शिकवायचं उरत नाही, तिला फक्त शास्त्राची जोड लागते.

2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय होता. याच सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या विशीतल्या, म्हणजे 20 ते 24 वयाच्या, शंभरातल्या चाळीसहून अधिक मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हे आकडे एकमेकांपासून वेगळे नाहीत. अंगात रक्त नसलेली सतरा वर्षांची आई आणि कमी वजनाचं मूल या एकाच घरातल्या दोन गोष्टी आहेत.

पण हे बदलत नाही असं नाही आणि बदल घडवायची एक मोठी सुरुवात मराठवाड्यातूनच झाली आहे. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन 2005 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून सुरू झालं. देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं मिशन. व्ही. रमणी हे सनदी अधिकारी त्याचे पहिले प्रमुख. सगळ्या मुलांची वजनं खरोखर घ्या आणि कुपोषित मुलं लपवू नका, हा त्यांचा आग्रह होता. पुढे मूल पोटात आल्यापासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर भर दिला गेला. राज्यातल्या दोन वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होतं, ते 2012 च्या पाहणीत 23 टक्क्यांच्या आसपास आलं. श्रेय एकट्या मिशनचं नाही, पण माणसं जागेवर असली की काय होतं ते यातून कळतं.

दुसरं उदाहरण पाटोद्याच्या वेशीपलीकडचं. जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि 1970 मध्ये जामखेडला काम उभं केलं. कमी शिकलेल्या, काही तर अक्षरओळख नसलेल्या गावातल्या बायका त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. मुलांचं वजन, बाळंतपण, आहार, पिण्याचं पाणी या बायकांनी हातात घेतलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उच्चशिक्षण घेऊन इथे परतून काय करणार, असं विचारणाऱ्या पालकांना मी जामखेडला एकदा जाऊन या असंच सांगते.

मग शिकायचं कुठे? माझं पहिलं उत्तर परभणी. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, पूर्वीचं गृहविज्ञान. अन्न व पोषण हा तिथला जुना विषय, पदवीपासून पुढे शिकता येतो, आणि परळीहून रेल्वेने थेट जाता येतं. नियमित शिक्षण, सरकारी विद्यापीठ आणि घरापासून काही तासांवर, हे तिन्ही एकत्र आपल्या भागात दुसरीकडे सापडणं कठीण. मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठाचं गृहविज्ञान आहे, मुंबईत निर्मला निकेतन आहे. बीएस्सी झालेल्यांनी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा अवश्य विचार करावा. 1918 मध्ये कुन्नूरला एका छोट्या संशोधन केंद्रातून तिची सुरुवात झाली आणि आज ती देशातली या विषयातली अग्रगण्य संस्था आहे. उपयोजित पोषणाच्या एमएस्सीला तिथे प्रवेश परीक्षा असते. ज्यांना धोरण आणि आकडेवारीत रस आहे त्यांच्यासाठी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आणि देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. वर दिलेले सर्वेक्षणाचे आकडे याच संस्थेच्या देखरेखीखाली गोळा होतात. बारावीला जीवशास्त्र सोडू नका. दहावीनंतर विषय निवडतानाच हे ठरतं आणि बारावीनंतर ते निस्तरणं अवघड जातं.

ऑनलाइनचा उपयोग मात्र भरपूर करा, पदवीसाठी नव्हे, अभ्यासासाठी. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर पोषणाचे आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात स्तनपान, बाळाला छातीशी नीट कसं लावायचं, सहा महिन्यांनंतरचं वरचं अन्न यांवर मराठीत ध्वनिचित्रफिती आहेत. डॉ. रूपल दलाल यांचं त्यात मोठं काम आहे. परदेशी जर्नल वाचायला लागण्याआधी प्रत्येक विद्यार्थिनीने या चित्रफिती पाहाव्यात आणि एखाद्या बाळंतिणीच्या शेजारी बसून त्या पडताळून घ्याव्यात.

परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन मास्टर्सच्या जाहिराती आता आपल्याकडेही पोचल्या आहेत. विद्यापीठ नामांकित असू शकतं, शिक्षणही उत्तम असू शकतं. पण त्या पदवीवर इथली सरकारी नोकरी किंवा नोंदणी हवी असेल, तर तिला भारतात समकक्षता मिळते का हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. लाखांतली फी आणि त्यासाठी शेत गहाण टाकणं, हे समकक्षतेचा कागद हाती असल्याशिवाय मुळीच करू नका.

दुसऱ्या कुठल्याही विषयाची ऑनलाइन पदवी घेत असाल तरी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि चालू सत्र, तिन्ही जुळतात का ते स्वतः पाहा. मुक्त विद्यापीठाचं जुनं माहितीपत्रक पुरावा होत नाही. प्रवेशासाठी लागणारा डीईबी आयडी विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. तो एजंटच्या मोबाइल नंबरवर काढू देऊ नका.

नोकरीचं खरं चित्रही सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या अंगणवाडी पर्यवेक्षिका पदाच्या जाहिरातीत गृहविज्ञान, पोषण, बालविकास, समाजकार्य या विषयांच्या पदवीधर महिलांचा खास उल्लेख असतो. हे कायम पद. राष्ट्रीय आरोग्य अभियानात आणि पोषण पुनर्वसन केंद्रांत आहारतज्ज्ञांच्या जागा निघतात, पण त्या कंत्राटी. मानधन सुरुवातीला बेताचं आणि दरवर्षी मुदतवाढीची चिंता. अंबाजोगाईच्या मानवलोकसारख्या संस्था, युनिसेफचे प्रकल्प, कंपन्यांच्या सामाजिक निधीतली कामं इथे अनुभव मिळतो आणि पुढचे दरवाजे उघडतात. शिकवायची आवड असेल तर गृहविज्ञानात नेट देता येते. पटकन पैसा हवा असेल तर हे क्षेत्र निवडू नका. चार-पाच वर्षं टिकून राहण्याची तयारी असेल तर या जिल्ह्यात काम संपणार नाही.

पालकांना एकच विनंती. मुलगी घरी राहील म्हणून पदवी निवडू नका. ऑनलाइनसाठी जे पैसे बाजूला काढले आहेत, त्यात परभणीचं वसतिगृह आणि मेस किती दिवस निघते याचा हिशेब एकदा कागदावर मांडा. आणि विद्यार्थ्यांनो, अर्ज भरण्याआधी गावातल्या अंगणवाडी ताईंना विचारून वजनाच्या दिवशी दिवसभर त्यांच्याबरोबर थांबा. ते काम करावंसं वाटलं, तरच अर्ज भरा.