लोडर घेताना आधी पुढची चाकं बघ

बाळा, ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की शोरूममध्ये पहिला आकडा कानावर पडतो तो एचपीचा. तो ऐकून घे आणि बाजूला ठेव. लोडर लावायचा असेल तर आधी तूच ठरव, उचलायचं काय, किती वजनाचं आणि किती उंच.

मालदांडीच्या कडब्याच्या पेंढ्या आपण अजून हातानंच फेकतो आणि गंजही हातानंच लागते. तेवढ्यासाठी लोडर घेऊ नकोस. पण गोठ्यात जनावरं वाढली की शेणखताचा उकिरडा उपसून ट्रॉल्या भरायच्या, मुरघास काढायचा, बेलरनं बांधलेल्या पाचटाच्या नाहीतर सोयाबीनच्या भुसकटाच्या गठ्ठ्यांची थप्पी लावायची, ही कामं माणसांच्या कमरा मोडतात. तिथं लोडर हवाच. आता वजनं बघ. छोटा चौकोनी गठ्ठा पंधरा-वीस किलोचा, तो पोरंसुद्धा उचलतात. चार फुटी गोल गठ्ठा वाळलेला असला तरी अडीचशे-तीनशे किलोच्या घरात जातो आणि तेवढ्याच आकाराचा मुरघासाचा गठ्ठा त्याच्या दुपटीला. अर्ध्या घनमीटरची बकेट ओल्या शेणखतानं भरली की चारशे किलो सहज होतात. तुझं सगळ्यात जड काम कोणतं ते धर आणि त्या हिशेबानं लोडर बघ.

माहितीपत्रकात 1600 किंवा 1800 किलो लिफ्ट छापलेली असते. ती मागच्या थ्री-पॉइंटची, नांगर-रोटाव्हेटर उचलायची. लोडरचा आकडा वेगळा मागून घे. तोही कुठं मोजलाय ते विचार, कारण बकेटीच्या पिनेपाशी मोजला की मोठा दिसतो आणि बकेटीच्या मध्यावर मोजला की उतरतो. लोडरचे हात पूर्ण वर गेल्यावर आणखी उतरतो. ट्रॉलीचा फाळका ओलांडून माल टाकायचाय, तेव्हा आपल्याला वरचाच आकडा कामाचा.

आमचे आण्णा सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड बघताना दात नंतर बघायचे, आधी पुढचे पाय आणि खूर. लोडरच्या ट्रॅक्टरलाही तेच लागू. टू-व्हीलच्या ट्रॅक्टरला पुढं 6.00-16 सारखी बारकी चाकं असतात. ती वळण्यासाठी केलेली, ओझं पेलण्यासाठी नाहीत. लोडरचं स्वतःचं वजन आणि वर बकेटीतला माल, सगळं त्या अ‍ॅक्सलवर येतं. मग हबची बेअरिंगं जातात, किंगपिन झिजते आणि आपल्या काळ्या रानात एका पावसात पुढची चाकं रुततात. म्हणून पैसे कमी पडत असतील तर पाच एचपी कमी घे, पण फोर-व्हील घे, आणि पॉवर स्टिअरिंगशिवाय घेऊ नकोस.

फोर-व्हील घ्यायला आणखी एक कारण आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढं ओझं उचललं की मागची चाकं हलकी होतात, आणि उतारावर नेमका त्याच वेळी ब्रेक लागत नाही. फोर-व्हील टाकलेलं असलं तर पुढची चाकंही थांबवायला मदत करतात.

मागचं वजन हा अर्धा लोडर समज. मागच्या टायरमध्ये व्हॉल्व्ह वर ठेवून त्या पातळीपर्यंत, म्हणजे पाऊण भाग, पाणी भरून घे. 13.6-28 च्या टायरला साधारण दोनशे किलो मिळतात. पण त्यानं पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भार कमी होत नाही. तो कमी करायचा तर वजन मागच्या चाकांच्याही मागं, थ्री-पॉइंटला लटकलेलं पाहिजे. सिमेंटचा ठोकळा ओतून घे, नाहीतर रोटाव्हेटर तसाच अडकवून ठेव. मागं काही नसताना भरलेली बकेट उचलायची नाही, हा नियम चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांग.

लोडरचं काम म्हणजे पुढं-मागं, पुढं-मागं. म्हणून शटल गिअर असेल तर उत्तम, डावा हात स्टिअरिंगपाशी राहतो. बेलर चालवायचा असेल तर क्लच नीट विचार. सिंगल क्लच दाबला की ट्रॅक्टरबरोबर पीटीओही थांबतो. पाचटाची ओळ मध्येच जाड लागली की तुला ट्रॅक्टर थांबवायचाय, पण बेलर 540 वर फिरतच राहिला पाहिजे, नाहीतर तोंडात गच्च बसतो आणि मग कोयत्यानं कापून काढत बस. ड्युअल क्लच किंवा पीटीओचा स्वतंत्र क्लच असेल तर हा ताप नाही.

जुना ट्रॅक्टर बघायला गेलास तर रंगावर जाऊ नकोस. बकेट भरून छातीएवढी वर घ्यायला लाव, इंजिन बंद कर आणि चहा घे. चहा होईस्तोवर बकेट बरीच खाली आली असेल तर सिलिंडरचे सील नाहीतर व्हॉल्व्ह गेलाय. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलव, खडखड आली की खर्च आहे. लोडरची चौकट कुठं बांधलीय ते खाली वाकून बघ. ती मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत गेलेली पाहिजे. नुसती क्लचच्या हाउसिंगवर कसलेली असेल तर एक दिवस ते हाउसिंगच तडकतं. वेल्डिंगपाशी तेवढाच ताजा रंग दिसला तर नखानं खरवडून बघ. तेलाची गळती मात्र बोटानं शोधायची नाही, पुठ्ठा धरायचा. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं.

गोल गठ्ठा साध्या बकेटीत कधी उचलू नकोस. हात वर गेले की तो मागं गडगडत थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. त्याला सुळ्यांचा काटा आणि वरून धरणारा पंजा लागतो, तो लोडरबरोबरच मागून घे. भुसकटाच्या कामात रेडिएटरची जाळी दिवसातून दोनदा झाड आणि सायलेन्सरभोवती काडी साठू देऊ नकोस. पीटीओच्या शाफ्टवर कव्हर असलंच पाहिजे. आपल्याकडं धोतर, उपरणं, बायकांचे पदर, सगळं जवळून जातं.

डेमो शोरूमच्या सिमेंटवर घेऊ नकोस, आपल्या उकिरड्यावर बोलाव. त्याआधी गोठ्याच्या दाराची उंची आणि आत वळायची जागा मापून ठेव. चालवायला जो बसणार त्यालाच चालवू दे, तू बाजूला उभा राहून मागची चाकं उचलतात का ते बघ. दिवस ठरला की फोन कर, रविवारचा बाजार सोडून कधीही येतो.