अ‍ॅनिमे शैलीची मुद्राचित्रे : स्वाक्षरी कोणाची, हक्क कोणाचा?

जपानी अ‍ॅनिमेच्या धर्तीवर चित्रे काढून त्यांच्या स्वाक्षरीयुक्त छापील प्रती विकणारे स्वतंत्र चित्रकार आता भारतातही दिसू लागले आहेत. २०११ मध्ये दिल्ली हाट येथे देशातील पहिले कॉमिक कॉन भरले. पुढे इतर शहरांतही भरू लागलेल्या या मेळ्यांत अशा चित्रकारांची स्वतःची टेबले असतात. बौद्धिक संपदेचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांचे लक्ष बहुधा औषधांच्या पेटंटांकडे आणि भौगोलिक निर्देशांकांकडे असते. या छोट्याशा टेबलावर मात्र कॉपीराइट कायद्याची बहुतेक मूलतत्त्वे एकत्र भेटतात.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम २ मधील 'कलाकृती'च्या व्याख्येत चित्र, रेखाटन आणि उत्कीर्ण चित्र येते. लाकडी ठसे, शिलामुद्रण व इतर छापे हे उत्कीर्ण चित्रातच मोडतात. कलागुण असो वा नसो, संरक्षण मिळते. कलाकृती निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. कलावंताच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कलाकृतीवरील हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो.

शैलीवर मात्र कोणाचीही मालकी नसते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कल्पना, विषय वा कथासूत्र यांना कॉपीराइट नाही. संरक्षण आहे ते अभिव्यक्तीला. मोठे डोळे, सपाट रंग, वेगदर्शक रेषा ही अ‍ॅनिमेची भाषा कोणीही वापरावी. परंतु त्या भाषेत डोरेमॉनच काढला, तर प्रश्न शैलीचा उरत नाही. भारत व जपान दोन्ही देश बर्न कराराचे सदस्य असल्याने जपानी कलाकृतींना येथेही संरक्षण आहे. 'मी स्वतःच्या हाताने काढले' हा त्यावरचा बचाव नव्हे, कारण कलम १४ नुसार कोणत्याही मूर्त स्वरूपातील पुनरुत्पादन हा हक्कधारकाचाच अधिकार आहे.

खुद्द जपानमध्ये या प्रश्नाची हाताळणी निराळी आहे. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत कॉमिकेट हा मेळा ३२ गट व सुमारे ७०० प्रेक्षकांनिशी सुरू झाला. चाहत्यांनी लोकप्रिय पात्रांवर रचलेल्या स्वप्रकाशित 'दोजिन्शी' पुस्तिका तेथे मोठ्या प्रमाणावर विकल्या जातात आणि प्रकाशक बहुधा त्याकडे काणाडोळा करतात. तेथे कॉपीराइटभंगाचा फौजदारी खटला मूलतः हक्कधारकाच्या तक्रारीवरच चालतो. ३० डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तक्रारीची अट काही प्रकारांत शिथिल केली. पण ती मूळ कलाकृती जशीच्या तशी वापरून नफा कमावणाऱ्या चाचेगिरीपुरती. दोजिन्शी त्याबाहेर राहावी, अशीच ही रचना आहे. तत्पूर्वी, २०१३ मध्ये, मांगाकार केन अकामात्सु यांनी दोजिन्शीला अनुमती दर्शविणारे चिन्ह आपल्या मालिकेवर वापरले होते.

भारतीय चित्रकाराने या सहिष्णुतेवर विसंबू नये. निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणी (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरविला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावासाची होऊ शकते. हक्कधारक सहसा इतक्या लहान विक्रेत्यामागे लागत नाही हे खरे, परंतु ती त्याची मर्जी आहे, विक्रेत्याचा हक्क नव्हे.

आता स्वाक्षरीविषयी. प्रसिद्ध प्रतीवर ज्याचे नाव कर्ता म्हणून असेल तोच, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, कर्ता मानला जातो (कलम ५५). स्वतःच्या पात्राखालची सही म्हणजे एक कवचच. दुसऱ्याच्या पात्राखालची सही मात्र आपल्यावरच उलटू शकते. मुद्राचित्राच्या खालच्या समासात पेन्सिलीने उजवीकडे सही व डावीकडे '७/५०' असा क्रमांक लिहिण्याची प्रथा आहे. म्हणजे पन्नासपैकी सातवी प्रत. धातूची पट्टी वा लाकडी ठसा झिजत असे, त्यामुळे प्रतींना स्वाभाविक मर्यादा होती. संगणकातील फाइल झिजत नाही; तेथे ५० हा आकडा केवळ चित्रकाराचा शब्द असतो. एक्कावन्नावी प्रत छापली गेली, तर आधीच्या पन्नास ग्राहकांची फसवणूक होते.

विक्रीनंतरचे दोन मुद्दे परीक्षार्थींकडून हमखास सुटतात. प्रत विकल्याने कॉपीराइट विकला जात नाही. तो लेखी करारानेच हस्तांतरित होतो आणि करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे, क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते धरले जाते (कलम १९). दुसरा मुद्दा कलम ५३-अ चा. मूळ चित्र, शिल्प वा रेखाटन १० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास कलावंताला त्यात वाटा मिळू शकतो. या यादीत उत्कीर्ण चित्राचा उल्लेख नाही. त्यामुळे स्वाक्षरीची प्रत पुढे कितीही महाग झाली, तरी तिच्या पुनर्विक्रीतील वाटा या कलमाच्या आधारे मागणे चित्रकाराला कठीणच आहे.