चार लोकांत बोलण्याआधी

“पोऱ्या हुशार शे, पन चार लोकस्मा बोलस नही.” अमळनेरात मुलांच्या मुलाखतींचा सराव घेताना हे वाक्य मी असंख्य आई-वडिलांकडून ऐकलं आहे. वडील हे सांगत असतात तेव्हा पोरगा शेजारीच बसलेला असतो. त्याला नाव विचारलं तर ते वडील सांगतात. शिक्षण विचारलं तर टक्क्यांसकट तेही वडीलच सांगतात.

मागे एक बी.कॉम. झालेली मुलगी आली होती. अर्जात ‘अनुभव’ या रकान्यापुढे तिने ‘नाही’ लिहिलं होतं. घरचं विचारत गेलो तेव्हा कळलं, की तीन हंगाम कापूस वेचणीचा सगळा हिशोब तीच ठेवत होती. संध्याकाळी प्रत्येक बाईचा कापूस काट्यावर तोलायचा, वहीत लिहायचा, किलोमागे ठरलेल्या दराने मजुरी काढायची आणि बाजाराच्या आदल्या दिवशी चुकती करायची. एकदा एकीचं वजन दुसरीच्या नावावर पडलं आणि तंटा उभा राहिला. हिने रात्री पूर्ण वही तपासली, चूक सापडली, ती सगळ्यांसमोर कबूल केली आणि पैसे फिरवले. “हे अर्जात का नाही लिहिलंस?” मी विचारलं. “ते घरचं काम आहे ना, सर.”

हिशोब नीट ठेवणं, चूक शोधणं, ती कबूल करून माणसं सांभाळणं हेच मुलाखत घेणाऱ्याला हवं असतं. ते करून बसलेली मुलगी ‘मला काहीच येत नाही’ म्हणून घाबरत होती. आत्मविश्वासाच्या व्याख्यानांवर माझा फारसा भरवसा नाही, तो यामुळेच. आरशासमोर ‘मी करू शकतो’ असं शंभरदा म्हणून जे मिळत नाही, ते ‘मी हे केलं’ असं एकदा नीट सांगता आलं की मिळतं.

आत्मविश्वास कामातूनच येतो, याचं मोठं उदाहरण आपल्या गावात आहे. 29 डिसेंबर 1945 रोजी अमळनेरात वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. पुढे ती विप्रो झाली. 1966 मध्ये संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी अचानक गेले आणि अझीम प्रेमजी अमेरिकेतलं इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडून परतले. वय 21. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उठून त्यांना सुनावलं, की हे तुमच्याच्याने व्हायचं नाही, कंपनी अनुभवी माणसाच्या हाती सोपवा. तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला पदवीसुद्धा नव्हती. ती तीसेक वर्षांनी मिळाली. ते कामाला लागले, काम शिकत गेले. त्यांच्या हाती वडिलांचा कारखाना होता आणि आपल्या पोरांकडे पुण्याला मुलाखतीला जायचं भाडं असतंच असं नाही, हे खरं. पण काम सुरू करायच्या आधी आत्मविश्वास हवाच, हा समज तरी या गोष्टीने मोडावा.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहातली मुलं सांभाळत होते. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. रोज! आजच्या मुलाने यातलं एवढंच उचलावं: दिवसभरात काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं, हे रोज रात्री एका पानावर लिहावं. मग ते पान बाजूला ठेवून, उभं राहून, तेच दोन मिनिटांत सांगावं आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐकावं. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज नकोसा वाटेल. महिन्याभराने मुलाखतीत सांगण्यासारख्या पाच-सहा खऱ्या गोष्टी हाताशी असतील. जे येत नसेल त्याला “हे मला माहीत नाही” असं सरळ म्हणायचाही सराव करावा.

भाषेचा न्यूनगंड आपल्याकडे फार खोल आहे. ‘पाणी’चं ‘पानी’ झालं म्हणून पुण्यात हसलेलं कुणीतरी पोराच्या मनात वर्षानुवर्षं घर करून राहतं. नोकरी बोलण्याचीच असेल तर ‘ण’चा सराव जरूर करा, इंग्रजीही शिका. पण आपली अहिराणी बोली ही तुमची उणीव नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते, एवढं लक्षात असू द्या. उत्तरात दम असेल तर ऐकणारा उच्चारापाशी अडून बसत नाही, हे मी सरावातही पाहतो.

आता आई-वडिलांशी. मुलगा गप्प राहतो म्हणून तुम्ही बोलता आणि तुम्ही बोलता म्हणून तो गप्प राहतो. बँकेत खातं उघडायला त्याला एकट्याला पाठवा. एखादा कागद राहील, परत जावं लागेल, जाऊ द्या. शेजारच्या पोराचं पॅकेज जेवताना काढू नका. नकार आला त्या संध्याकाळी “काय विचारलं होतं?” एवढंच विचारा आणि तो सांगेल ते पूर्ण ऐका.

आणि पुढच्या वेळी कुणी त्याच्याकडे बघून नाव विचारलं, तर दादा, माय, कृपा करून तुम्ही थांबा. त्याला वेळ लागेल. लागू द्या.