सुजलेली मांडी आणि पुढची तारीख

दीड महिन्याची इंजेक्शनं झाली की त्या रात्री घरात कुणाची धड झोप होत नाही. सकाळी शांत असलेलं बाळ संध्याकाळी किरकिर करू लागतं, अंग तापतं, मांडी लाल आणि टणक लागते. आईच्या पोटात गोळा येतो. आजी म्हणतात, "सुई चुकीच्या जागी बसली वाटतं."

सुई चुकलेली नसते. सरकारी कार्यक्रमात पेंटाव्हॅलेंट लस डाव्या मांडीच्या पुढच्या बाजूला, जरा बाहेरच्या अंगाला, स्नायूत देतात. या लसीत डांग्या खोकल्याचा अख्खा, पण मेलेला जंतू असतो. त्याला पाहून शरीराची संरक्षक यंत्रणा खडबडून जागी होते. सूज आणि ताप येतो तो त्यामुळे. खाजगीत मिळणाऱ्या 'न दुखणाऱ्या' लसीत त्या जंतूचे निवडक अंशच असतात, म्हणून त्रास कमी होतो. मात्र डांग्या खोकल्यापासून तिचं संरक्षण लवकर ओसरतं. एका रात्रीची किरकिर टाळण्यापुरता तिचा विचार करत असाल, तर माझं मत आहे की मोफत मिळणारी लस निःशंक मनाने घ्या.

आता त्या रात्रीचं बोलू. लंगोट बदलताना आपण सवयीने दोन्ही घोटे धरून पाय वर उचलतो. दुखरी मांडी ताणली जाते आणि बाळ कळवळतं. त्यापेक्षा त्याला हलकेच कुशीवर वळवा आणि लंगोट खालून सरकवा. दूध पाजताना ती मांडी तुमच्या पोटाशी दाबली जाणार नाही अशा बेताने घ्या. वारंवार पाजा. सुजेवर गार पाण्यात भिजवून पिळलेली घडी थोडा थोडा वेळ ठेवा. चोळायचं नाही, गरम शेक नको, हळदीचा किंवा कसलाच लेप नको. आजींची माया खरी असते, त्यामुळे हे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. रात्री दोन वाजता वाद नकोत.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत मात्र फार जपा. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. बाजारातल्या थेंबांच्या औषधात बहुधा १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. सिरपमध्ये मात्र ५ मिलीत १२५, तर काहींत २५०. म्हणजे शेजारणीने सांगितलेला 'अर्धा चमचा' तुमच्या बाटलीतून दुप्पट ठरू शकतो. किती मिली द्यायचं ते लसीच्या दिवशीच लिहून घ्या, औषधासोबतच्या मापानेच मोजा, दोन डोसांत सहा तास जाऊ द्या. अ‍ॅस्पिरिन मुळीच नको. ताप नसताना 'खबरदारी म्हणून' आपल्या मनाने औषध सुरू करू नका. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चेक प्रजासत्ताकातल्या अभ्यासात असं आधीच औषध दिलेल्या बाळांमध्ये प्रतिपिंडं काहीशी कमी तयार झालेली दिसली.

ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. न दुखणारी छोटी गाठ काही आठवडे हाताला लागते आणि आपोआप विरते. बीसीजीचं वेगळं असतं. डाव्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, पिकतो, सुकतो, वण राहतो. त्याला मलम लावू नका, फोडू नका. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाचा ताप तर आठवडा-दीड आठवड्याने येऊ शकतो.

पण तीन तासांहून जास्त वेळ न थांबता रडणं, अंग ढिलं किंवा पांढरंफटक पडणं, दूध सोडणं, झटका, धाप, १०२च्या वर ताप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत असेल, पू दिसत असेल, तर दाखवून या. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच बसायला सांगतात, तेही एवढ्याचसाठी. क्वचित येणारी तीव्र अ‍ॅलर्जी बहुधा त्याच वेळात दिसते.

मला खरी काळजी वाटते ती यानंतरची. "मागच्या वेळी फार त्रास झाला" म्हणून अडीच महिन्यांचा डोस टाळला जातो. आणि डांग्या खोकला सगळ्यात जास्त छळतो तो अगदी तान्ह्या बाळांनाच. एका डोसाने पुरेसं संरक्षण मिळत नाही. गेल्या खेपेला काय काय झालं ते टोचण्याआधी सिस्टरना सांगा. झटका किंवा तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर पुढचं डॉक्टर ठरवतील. नुसती सूज आणि ताप होता तर डोस घ्यायचाच. तारीख उलटून गेली असली तरी कार्ड घेऊन जा. राहिलेल्या डोसापासून पुढे चालू करतात, पहिल्यापासून पुन्हा टोचत नाहीत.